तलावात गेलेल्या गाडीचा विमा

माझे यजमान गेल्यावर भेटायला येणारी माणसं ओट्यावर बसायची, पाणी प्यायची आणि उठता उठता हळूच विचारायची, "गाडीचा विमा होता ना?" त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आमच्या एकोडीत विमा म्हणजे माणूस गेल्यावर घराला काहीतरी मिळतं ते, एवढीच त्या शब्दाची ओळख. हे तर हृदयाच्या दुखण्याने नागपूरच्या दवाखान्यात वारले. गाडी तेव्हा आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. तरी लोक विचारायचे, आणि मी कधी हो म्हणायची, कधी माहीत नाही म्हणायची.

तेरवी आटोपल्यावर मी पुन्हा साकोलीला कामावर जाऊ लागले. तिथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. आधी आम्ही दोघं गाडीनेच जायचो, ह्यांची शाळा वाटेवर होती. आता मी बसने जायची. दिवसभर पुस्तकांत असूनही मला वाचता येईनासं झालं होतं. कादंबरीतलं एखादं माणूस दार उघडून आत यायचं आणि माझं मन त्याच दाराने बाहेर निघून जायचं. कवितेचं तर नावच नको. अशा एका रविवारी दुपारी मी कपाटातून गाडीची फाईल काढली. लोकांना एकदाचं नीट उत्तर द्यावं, एवढाच विचार होता.

पहिल्या पानावर गाडीचा क्रमांक आणि ह्यांचं नाव. त्यामागे पानंच पानं, बारीक इंग्रजी अक्षरांची. मी पट्टी घेऊन ओळीखाली ठेवली आणि शाळेतल्या मुलीसारखी एकेक ओळ वाचू लागले. कितीतरी आठवड्यांनी मी ओळ संपेपर्यंत त्या ओळीतच राहिले. त्या मजकुराला माझं दुःख माहीत नव्हतं, म्हणूनच बहुधा तो मला सोसवला. पण तासाभराने जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. मला मजा येऊ लागली.

सुरुवात झाली ती "तिसरा पक्ष" या शब्दांपासून. गावात ज्याला पोलिसासाठीचा विमा म्हणतात, तोच हा. चौकात अडवलं की दाखवायचा कागद. मला इतकी वर्षं वाटायचं, तिसरा पक्ष म्हणजे हलका, तिसऱ्या दर्जाचा विमा. तसं नव्हतं. पहिला पक्ष म्हणजे विमा घेणारा, दुसरा पक्ष कंपनी, आणि तिसरा पक्ष म्हणजे बाहेर उरलेलं सगळं जग. बकऱ्या घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी, तिच्या बकऱ्या, साकोलीच्या बसस्टँडसमोरचा केळीवाला, त्याची हातगाडी. आपल्या गाडीने त्यांचं काही वाईट झालं तर त्यांची भरपाई या विम्यातून होते. आणि कायद्याने सक्ती आहे ती एवढ्याचीच. स्वतःच्या गाडीचा विमा घ्या, नका घेऊ, तुमची मर्जी. पण ज्या माणसाला तुम्ही अजून पाहिलेलं नाही, त्याचा विमा आधी काढा, मगच रस्त्यावर या. मी पट्टी तिथेच ठेवली, उठले आणि खोलीत एक फेरी मारली. इतकी चांगली गोष्ट इतक्या बारीक अक्षरात कुणी छापावी, याचं मला नवल वाटलं.

पुढचा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तिसऱ्या पक्षाच्या विम्याला हा भाग जोडला की त्याला गावात "फुल" म्हणतात. ह्यांनी फुल काढला होता. त्यात कशाकशापासून संरक्षण आहे त्याची यादी होती: आग, स्फोट, वीज, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, चोरी, दंगल, दरड कोसळणं, बाहेरच्या कारणाने झालेला अपघात. इतकंच नाही, गाडी रेल्वेने, नावेने किंवा लिफ्टने नेताना झालेलं नुकसानसुद्धा. मी नावेपाशी थांबले. कुणीतरी कधीतरी मोटारगाडी नावेत चढवली असणार, ती नाव कलंडली असणार, तो माणूस काठावर डोक्याला हात लावून बसला असणार, तेव्हा कुठे हा शब्द इथे आला. त्या यादीतला एकेक शब्द मला कुणाच्या तरी वाईट दिवसासारखा दिसू लागला. ग्रंथालयातलं कोणतंही पुस्तक मी त्या काळात इतक्या ओढीने वाचलं नाही.

मग आला मालकाचा अपघात विमा. तो फक्त अपघाताने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच. आजाराने गेलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती. म्हणजे लोकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पुढच्या वेळी ह्यांचे एक मामा आले तेव्हा मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "म्हंजे गाडी चालवता चालवता गेले असते त मिळालं असतं," असं म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यांनी आणखी थोडं पाणी मागितलं.

उत्तर मिळाल्यावर फाईल बंद करता आली असती, पण मला पुढचं पान उलटायची घाई झाली होती. पुढे वगळलेल्या गोष्टी होत्या. त्या वाचल्यावर कळलं की फुल हा काही पूर्ण नसतो. वापराने झालेली झीज त्यात नाही. दारू पिऊन चालवली तर नाही. परवाना नसलेल्याने चालवली तर नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांची भरपाई अर्धीच, मात्र ह्यांनी एक जास्तीचं संरक्षण विकत घेतलं होतं, त्यामुळे ती कपात आम्हाला नव्हती. आणि शेवटी दोन शब्द, ज्यांचा अर्थ "परिणामाने झालेलं नुकसान" असा होत होता. हे वगळलेलं. म्हणजे नेमकं काय, ते काही केल्या लागेना.

त्याच रविवारी एका अटीत मला असं काही सापडलं की मी जागीच ताठ बसले. विमा घेणारा मरण पावला तर विमा लगेच संपत नाही. तो तीन महिने, किंवा मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर, चालू राहतो. त्या अवधीत वारसाने तो आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. हे गेले आषाढात. म्हणजे ह्यांच्यामागे ह्यांच्या नावाचा तो कागद अजून जिवंत होता, पण फार दिवस नाही.

मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वर्ष होईस्तोर कायले हात लावतं वो? त्याच्या नावाची गाडी हाये. नाव कायले पुसतं?"

आमच्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्या माणसाच्या वस्तू हलवत नाहीत. ह्यांच्या चपला ओट्यावर होत्या तशाच होत्या, छत्री खुंटीला होती. गाडीही त्यांच्या लेखी त्यातलीच. मी त्यांच्यासमोर बसले आणि जमेल तसं सांगितलं: तीन महिन्यांनंतर हा कागद नुसता कागद उरेल. तुमचे धाकटे चिरंजीव गाडी घेऊन बाहेर पडले आणि कुणाच्या गाईला लागली, तरी भरपाई कंपनी देणार नाही.

"गाईले लागली त पाहून घेऊ," त्या म्हणाल्या. मग सूप थांबलं. "अन् मानसाले लागली त?"

"तरीही तेच, आई."

त्यांनी सूप खाली ठेवलं. ह्यांचा स्वभाव त्यांना माझ्याहून जास्त माहीत होता. रस्त्यात कुत्रं आलं तरी गाडी थांबवून ते जाईपर्यंत बसणारे. शेवटी म्हणाल्या, "तो असता त त्यानंच आधी बदलून घेतलं असतं. पण त्याचं नाव कुठंतरी राहू दे म्हना."

मी साकोलीच्या विमा कचेरीत गेले. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, परिवहन कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच, सगळं पिशवीत. तिथल्या बाईंनी कागद बघितले आणि सांगितलं की मूळ कागदाला एक पुरवणी जोडली जाईल, आणि पुरवणीत "अमुक यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीच्या नावे" असंच लिहिलेलं असेल. म्हणजे सासूबाईंची अट आपोआप पाळली जात होती. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ह्यांनी इतक्या वर्षांत एकदाही भरपाई मागितली नव्हती. अशा माणसाला दर वर्षी हप्त्यात सूट मिळते, आणि तो गेल्यावर ती सूट त्याच्या बायकोला मिळू शकते. ह्यांचं सावकाश गाडी चालवणं असं माझ्या वाट्याला येणार होतं.

उठायच्या आधी मी तो अडलेला प्रश्न विचारला. परिणामाने झालेलं नुकसान म्हणजे काय? बाई हसल्या. पावसाळ्यात हे रोजचंच आहे म्हणाल्या. नाल्यावरून पाणी असतं, गाडी त्यात बंद पडते, इंजिनात पाणी जातं. माणूस घाबरून पुन्हा सुरू करायला जातो, आणि पाणी आत असताना इंजिन फिरलं की आतले लोखंडी दांडे वाकतात, अख्खं इंजिन जातं.

"मॅडम, पानी गेलं ते आमचं," त्या म्हणाल्या. "त्याच्यानंतर चाबी फिरवली ते तुमचं."

इंजिनासाठी वेगळं संरक्षण मिळतं, पण ते ह्यांनी घेतलेलं नव्हतं. मध्येच घेता येत नाही, पुढच्या नूतनीकरणाला घ्या, असा सल्ला मिळाला. बसमध्ये मला जागा मिळाली नाही, तरी एकोडी येईपर्यंत मी मनातल्या मनात हसत होते. अडलेला शब्द सुटल्याचा आनंद होता तो. दुखवट्यातल्या बाईने असं हसावं का, हा प्रश्न मला घरी पोचल्यावर पडला.

पुरवणी आली त्यानंतर थोड्याच दिवसांत दसरा आला. दुखवट्याच्या वर्षात आमच्याकडे सण नसतो. दाराला तोरण नाही, गोडधोड नाही, सोनं द्यायला कुठे जायचं नाही. पण दसऱ्याला गावातली सगळी अवजारं, नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, मोटारसायकली, ट्रॅक्टर तलावावर धुवायला निघतात, आणि माझ्या दिरांना आपल्याच घरची गाडी धुळीत उभी राहिलेली बघवेना. ते शेती बघतात, ट्रॅक्टर त्यांचाच. त्यांनी आईची परवानगी मागितली. सासूबाई म्हणाल्या, "पूजा नाई, हार नाई. निसतं धुवून आना." मीही सोबत गेले. किती दिवसांनी मी त्या गाडीत बसले होते.

आमच्या तलावाला पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, एका बाजूने उतार आहे, गुरं पाण्यावर उतरतात ती जागा. पावसाळा नुकताच संपलेला, तलाव काठोकाठ. एका बाजूला शिंगाड्याचे वेल, मध्ये कमळाची पानं, पलीकडे पिवळं होऊ लागलेलं धान. उतारावर वाहनांची रांग लागली होती, सगळे पाण्यात पाय सोडून, बादल्या घेऊन धूत होते. दिरांनी गाडी पाण्याकडे तोंड करून उभी केली. त्यांच्या ट्रॅक्टरचा हँडब्रेक कित्येक वर्षांपासून कामाचा नाही. उतार दिसला की गिअर काढायचा, खाली उतरायचं आणि चाकापुढे दगड लावायचा, ही त्यांच्या हातापायांची सवय. मोटारगाडीला चांगला चालणारा हँडब्रेक आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी एक छान चपटा दगड शोधला, पुढच्या चाकाला लावला, चाबी तशीच ठेवली आणि बादली घेऊन मागच्या बाजूला गेले. मी पाळीवर बसले.

तेवढ्यात आमच्या भावकीतले एक काका घरचे सगळे विळे घेऊन आले. कापणी तोंडावर आलेली, विळे धुवायचे आणि पाजवून त्यांना धारही लावायची. पाजवायला चपटा दगड लागतो. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. त्यांना तो दिसला.

मी बघत होते, पण काय होतंय ते मला कळलं ते दगड त्यांच्या हातात आल्यावर. गाडी काही धडपडत गेली नाही. म्हैस पाण्यात उतरते तशी अगदी सावकाश, शांतपणे उतरली. दिवे बुडाले, बॉनेटवर पाणी चढलं, दारांच्या फटींतून बुडबुडे आले, आणि कमळाच्या पानांत नाक खुपसून ती थांबली. सगळा उतार हसायला लागला. गाडी आपली आपण आंघोळीला निघाली, असं कुणीतरी म्हणालं. मग लोकांनी मला पाळीवर बघितलं आणि एकदम शांतता झाली. ती कुणाची गाडी आहे हे सगळ्यांना आठवलं असणार.

दीर कपड्यांसकट पाण्यात गेले. जोर लावून त्यांनी दार उघडलं, आत बसले, छातीपर्यंत पाणी, आणि त्यांचा हात चाबीकडे गेला.

त्या क्षणी माझ्या आत जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. विमा कचेरीतल्या बाई, वगळलेल्या गोष्टींचं पान, ते दोन शब्द, सगळं एकदम माझ्यासमोर उभं राहिलं. ह्यांच्या हाताखाली इतकी वर्षं चाललेलं ते इंजिन पाण्याखाली अजून शाबूत होतं, आणि पुढच्या एका हालचालीवर ते राहणार की जाणार हे ठरणार होतं. मी उभी राहून ओरडले. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईचा आवाज कुणी कधी ऐकलेला नसतो; माझा मीही ऐकला नव्हता.

"भाऊजी, चाबी फिरवू नका!"

त्यांनी मागे वळून बघितलं. "रिव्हर्स मारतो ना वैनी. निंगते गाडी."

"नाही. फिरवायची नाही. काढून घ्या आणि मला आणून द्या."

"फिरवू दे ना वो," काका विळे हातात धरूनच म्हणाले. "अजून खाली जाऊन राहिली."

"जाऊ द्या," मी म्हणाले. "पाणी गेलं ते कंपनीचं, काका. चाबी फिरवली तर आपलं."

या वाक्याचा अर्थ तिथे कुणालाही लागला नाही. पण दिरांनी माझा चेहरा बघितला, चाबी काढली, दातांत धरली आणि पोहत काठाला आले. ती ओली चाबी मी पदरात गुंडाळली. खोटं कशाला सांगू, मला भीतीपेक्षा उत्साहच जास्त वाटत होता. मला काय करायचं ते माहीत होतं. हे गेल्यापासून प्रत्येक गोष्टीत दुसरे मला सांगायचे, आता हे करा, आता तिथे बसा. त्या उतारावर पहिल्यांदा मी सांगत होते. गाडी सुरू न करता ओढायची. बाहेर आली की आधी बॅटरीची तार काढायची. त्याआधी, ती पाण्यात असताना, फोटो काढायचे. एका मासेमाराने बुडी मारून गाडीखालच्या कडीला दोर बांधला, दिरांनी ट्रॅक्टर लावला, बाकीच्यांनी दोर धरला, आणि गाडी चिखल ओढत वर आली. दार उघडल्यावर पाण्याबरोबर दोन मासोळ्याही बाहेर पडल्या. यावेळी लोक हसले तेव्हा मीही हसले.

कंपनीच्या फोनवर कळवताना मात्र मी एक क्षण थांबले. भरपाई मागितली की न मागितल्याची ती सूट संपणार, पुढच्या वर्षी हप्त्यात ती नसणार. ह्यांनी मला ठेवलेली एवढीशी गोष्ट. पण गाडीच राहिली नाही तर सूट कशावर घ्यायची? मी फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, गाडीचे मालक कोण आहेत? मी म्हणाले, "मी." तोंडातून तो शब्द गेल्यावर मला तो ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गाडीवर चढवून आमची गाडी साकोलीच्या वर्कशॉपला नेली, आणि नुकसान तपासायला कंपनीचा सर्वेक्षक तिथे आला. सकाळपासून दीर आणि काका मला समजावत होते की ब्रेक फेल झाला म्हणून सांगा. काकांना आपल्यावर केस होईल असं वाटत होतं. मी त्यांना म्हटलं, मी वाचलं आहे ते असं की गाडी सांभाळायची वाजवी काळजी मालकाने घ्यायची. दगड लावला होता, दीर गाडीजवळच होते. जे झालं ते सांगू. खोटं सांगितलं आणि सापडलं तर मग काहीच मिळणार नाही. सर्वेक्षकाने "गाडी घसरली कशी?" असं विचारल्यावर काकांनी खांद्यावरची पिशवी उघडली आणि आतून तो चपटा दगड काढून बॉनेटवर ठेवला.

"हा लावला होता जी," ते म्हणाले. "मीच काढला. पाजवाले."

सर्वेक्षक नागपूरकडचा तरुण माणूस होता. त्याने दगड उचलून बघितला, उलटा करून बघितला. "विळ्याला चांगला आहे," म्हणाला, आणि त्याने दगडाचाही फोटो घेतला. मग दिरांचा परवाना मागितला, पुरवणीवरचं माझं नाव आणि त्याखालचं ह्यांचं नाव वाचलं, ओल्या सीटा दाबून बघितल्या. पूर नाही, पण बाहेरच्या कारणाने झालेला अपघात आहे, असं तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. मी वाचलेल्या यादीतला शब्द त्याच्या तोंडून ऐकताना मला ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं झालं. शेवटी त्याने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी रात्रभर नीट झोपले नव्हते.

"पाण्यातून काढल्यावर इंजिन सुरू करून बघितलं?"

"नाही," मी म्हणाले. "चाबी माझ्याकडे आहे, तेव्हापासून."

त्याने मिस्त्रीला खूण केली. इंजिनाचे प्लग काढले, त्या भोकांतून तपकिरी पाणी आलं. मग मिस्त्रीने एक लांब पाना लावून हाताने इंजिन फिरवलं. आम्ही चौघं खाली वाकून बघत होतो. पाना अडकला नाही. हळूहळू, पूर्ण एक फेरा घेऊन तो जागेवर आला. मिस्त्री म्हणाला, आतलं काही वाकलेलं नाही. पाणी काढून, वाळवून, तेल बदलून बघू. पण चालू होईलच असं आत्ता सांगता येत नाही.

सर्वेक्षकाने खर्चातला सुरुवातीचा थोडा भाग नियमाप्रमाणे आमचा राहील, बाकी मंजूर करायला अडचण दिसत नाही, असं सांगितलं. जाताना त्याने विचारलं की इतक्या लोकांत चाबी न फिरवायचं कुणाला सुचलं? दिरांनी माझ्याकडे बोट केलं. "वैनीनं. आमी त फिरवून मोकळे झालो असतो."

मग वाट बघणं सुरू झालं. कंपनीने हो म्हटलं होतं, पण ह्यांची गाडी पुन्हा बोलेल की नाही, हे कंपनीच्या हातात नव्हतं. मी ग्रंथालयात बसून फोनकडे बघायची. संध्याकाळी घरी आले की सासूबाई काही न विचारता नुसत्या बघायच्या, आणि मी मान हलवायची. अंगणात कडुनिंबाखाली गाडीएवढी कोरडी, मोकळी जागा होती. त्या तिथे झाडू मारताना जास्त वेळ घ्यायच्या.

फोन आला तो रविवारी सकाळी. मिस्त्री होता. तो काही सांगायच्या आधीच मागून आवाज आला, आधी दोनदा खोकल्यासारखा, मग सलग. "मॅडम, ऐकू येऊन राहिलं का?" तो म्हणाला. मी धावत अंगणात गेले, फोनचा आवाज मोठा केला आणि सासूबाईंच्या समोर धरला. त्या झाडू हातात घेऊन उभ्या राहिल्या. ह्यांची शाळेला निघायची वेळ झाली की रोज अंगणातून जो आवाज यायचा तोच तो होता, जरा ओला, जरा घोगरा, पण तोच.

मिस्त्री पलीकडून ओरडून विचारत होता, बंद करू का आता?

"नको बंद करू म्हना," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि ओट्यावर बसल्या. "थोडा वेळ चालू दे."